तीन नास्तिक आणि एक रोजरी

देव न मानणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य सबबी सांगण्यात जातं, आणि सबबी म्हटल्या की किस्से आलेच! आमच्या तिघांच्या कंपूकडे तर इतके साठलेत की कुठून सुरू करू?

सुनीताताई भेटल्या तिथून करतो. मनवेलपाड्यात आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. आरती सुरू झाली तसा मी नेहमीसारखा फोन कानाला लावला आणि "हां सर, बोला सर" करत जिन्यात सटकलो. आणि कानावरच फोन खणखणला!

वरच्या पायरीवर कुणाकडे तरी पाहुण्या आलेल्या एक बाई. त्यांच्याही कानाला फोन. म्हणाल्या, "आधी सायलेंटवर टाकायचा असतो हो. नवीन दिसताय!"

फुलपाड्याला राहणाऱ्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ह्या ताई. तोवर मला वाटायचं, अख्ख्या विरारमध्ये असा मी एकटाच! काय आनंद झाला म्हणून सांगू.

* * *

घरी मी सांगायचो, "गडावर देवीला जाऊन येतो," आणि ताईंबरोबर मिसळ खात बसायचो. येताना पायथ्याशी प्रसादाचे पेढे घ्यायचे, की झालं.

दर रविवारी गडावर जाणारा भाविक म्हणून सोसायटीने मला नवरात्र मंडळाचा अध्यक्ष केलं! ताई हात जोडून म्हणाल्या, "या भक्तराज!"

* * *

तिसरा एलियास. ताईंच्याच शाळेत गणिताचा मास्तर. वसईजवळ होळी गावात घर, मागे भाजीची वाडी, घरात तो आणि म्हातारी आई. आई पक्की श्रद्धाळू. हा रविवारी "चर्चमध्ये मिस्साला जातो" सांगून आमच्याकडे यायचा.

घरी गेला की आई विचारायची, "आज फादर काय बोलले?" मग तो ताईंनी सांगितलेलं फादरच्या नावावर खपवायचा. एकदा आई म्हणाली, "हल्लीचे फादर फार छान बोलतात रे!"

आम्ही पोट धरून हसलो. एलियास नाही हसला. "तिला कळलं तर ती खचेल रे," म्हणाला. त्याला एवढीच एक भीती होती.

* * *

मग आई वाडीत घसरून पडली आणि खाटेला खिळली. संध्याकाळच्या रोजरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, शेजारपाजारचे यायचे. एके दिवशी सगळा गाव लग्नाला गेला. एलियासचा फोन आला, "आईचा आवाज निघत नाही. मी म्हणेन, पण मागून म्हणायला माणसं पाहिजेत. याल?"

गेलो. हातात प्रार्थनेचं पुस्तक. एलियास पुढे म्हणतोय, मी आणि ताई मागून. नवरात्राचा अध्यक्ष आणि विज्ञानाच्या बाई! पण कुणालाच हसू आलं नाही. माळ सरकवणाऱ्या त्या सुकलेल्या बोटांकडे बघतच राहिलो.

रोजरी संपली. आईने आम्हाला जवळ बोलावलं. "तुम्हीच ना ते रविवारचे फादर?"

एलियासचा चेहरा पांढराफटक. ताईंनी मान खाली घातली.

आईने त्याचा हात धरला. "पोरा, तुझं मन तिथे नाही, हे मला कधीचं ठाऊक आहे. मी रोज रोजरीत एकच मागत आले. माझ्या मागे हा एकटा पडू नये, ह्याला ह्याच्यासारखी माणसं मिळू देत."

मग तिने आमच्याकडे बघितलं, माळ कपाळाला लावली आणि म्हणाली, "ऐकलं बघ त्याने!"