देवघराची कडी

जळकोटच्या कमलम्माच्या मनातून एखादा माणूस उतरला की ती त्याला ‘साहेब’ म्हणायची. भांडायची नाही, आवाज चढवायची नाही. बाजारात तिचं किराणा दुकान. नवरा गेला त्याच आठवड्यात ती गल्ल्यावर बसली. सांत्वनाला आलेला दीर दुकानाच्या जागेचा विषय काढू लागला, तेव्हा तिने विचारलं होतं, “साहेब, काय देऊ? डाळ की गूळ?”

तिच्या दिवसातली एकच गोष्ट दुकानाची नव्हती. सकाळी अंघोळ झाली की ती देवघरात बसे. कपाळाला विभूती लावी. गळ्यातली चांदीची डबी उघडून इष्टलिंग काढी आणि डाव्या तळहातावर ठेवी. लहानपणी दीक्षा देताना जंगम गुरूंनी सांगितलं होतं, हे तुझं एकटीचं, चारचौघांत काढायचं नाही. तिने ते पाळलं. नवऱ्यानेसुद्धा ते कधी पाहिलं नव्हतं.

मंत्र संपला की ती लिंगाशी बोलायची. गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी, गुडघ्याची गाऱ्हाणी, आणि शेवटी मंजुश्री. मंजुश्री तिची एकुलती लेक. भांडून पुण्याला गेली होती आणि फोन करत नव्हती. हे कमलम्माने शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं.

देवघराला दार होतं, कडी नव्हती. घरातल्या माणसांसाठी कडी कशाला?

मृत्युंजय तिचा पुतण्या. नांदेडहून इंजिनिअर होऊन आला आणि नोकरीची वाट बघत काकूकडे राहिला. वाट बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की काकू हाच धंदा आहे. तो रोज सकाळी देवघरातल्या फळीवर फोन चार्जिंगला लावून ठेवी. उभा, भिंतीला टेकवून. कमलम्माला त्यात काही वावगं दिसलं नाही. पोराचा फोन आहे, वीज खातोय तर खाऊ दे.

मग एका बाजाराच्या दिवशी मुदखेडकडची एक बाई दुकानात आली. पिशवी खाली ठेवली आणि सरळ पाया पडली.

“अव्वा, व्हिडिओत दिसता तशाच हाय की तुम्ही!”

“कुठल्या व्हिडिओत?”

“रोजच बघते मी. भाकरी करता करता. तुमची डबी एका अंगाला चेपलीय न्हाई का? आन् मंजुश्रीचा आला का हो फोन? आमच्या गल्लीत समद्या बाया इचारून राहिल्या.”

कमलम्माचा हात पदराआड डबीवर गेला. ती चेपलेली बाजू आजवर तिच्या अंगठ्यालाच ठाऊक होती.

“साखर किती देऊ, बाईसाहेब?” ती म्हणाली.

दुपारी मृत्युंजय जेवायला बसला. तिने वाढलं आणि समोर बसली.

“काढून टाक ते.”

तो आधी हसला. मग काकूचं तोंड बघून थांबला. “काकू, आता माझ्या हातात न्हाई. चॅनेल मी लातूरच्या सिद्रामप्पांना देऊन टाकलाय. अगरबत्तीवाले. हक्क त्यांचे हायत. आन् त्यांनी काढलं तरी लोकांनी उतरवून घेतलंय. कुठं कुठं पुसणार?”

“देव माझा, तोंड माझं, लेक माझी. आन् हक्क अगरबत्तीचा?”

“तसंच असतंय ते. पण वाईट काय झालं, सांग की. मंजूताईचा फोन आला न्हाई का? व्हिडिओ बघूनच केला ना तिनं?”

दोनच दिवसांपूर्वी फोन आला होता, हे खरं. मंजुश्री रडली होती. कमलम्माही रडली होती. दुसऱ्या दिवशी पूजेत तिने लिंगाचे आभार मानले होते, आणि आता तिला कळत होतं, की तेही फळीवरच्या त्या फोनने टिपलं होतं. लेकीला आई आठवली नव्हती. आईचं रडणं गावभर झाल्यावर लेकीला लाज वाटली होती.

“ती माझ्याशी बोलली न्हाई,” ती म्हणाली. “त्या व्हिडिओतल्या बाईशी बोलली. जेवा, साहेब.”



रविवारी सिद्रामप्पा स्वतः आले. शाल, श्रीफळ, आणि शूटिंगला एक माणूस. “शरणार्थ, अव्वा! आता तुम्ही एकट्या जळकोटच्या राहिल्या न्हाईत. समद्यांच्या झाल्या!”

“शरणार्थ. बसा साहेब. तुमचा फोन द्या बरं जरा.”

“फोन? कशाला हो?”

“बघते की. कुणाला काय लिहिता, कुणाशी काय बोलता. आपण समद्यांचेच ना?”

सिद्रामप्पा मोठ्याने हसले आणि फोन खिशात सारला. दारात उभ्या मृत्युंजयचा हातही आपसूक स्वतःच्या खिशावर गेला. कमलम्माने दोन्ही खिसे पाहिले.

“फोन म्हणे अंगठा लावल्याबिगर उघडत न्हाई,” ती म्हणाली. “तुमच्या डबड्याला कुलूप. माझ्या डबीवर जत्रा. शाल न्या परत. थंडीत अगरबत्तीला पांघरा.”

चहा तसाच राहिला. व्हिडिओही तसेच राहिले.

त्याच दिवशी तिने नरसिंग सुताराला बोलावलं आणि देवघराला आतून कडी बसवून घेतली. ठोकाठोक चालू असताना मृत्युंजय बॅग भरत होता. तिने त्याला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कडी लावली. फळी रिकामी होती. डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, मंत्र म्हटला. आता मंजुश्रीचं सांगायचं, म्हणून तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा उजवा हात वर गेला. त्याने कपाळावरची बट मागे सारली आणि पदर नीट केला.

खोलीत बघायला कुणी नव्हतं. कमलम्मा त्या हाताकडे बघत राहिली.

“या, साहेब,” ती हाताला म्हणाली.

मग तिने लिंग डबीत ठेवलं आणि दुकान उघडायला गेली. मंजुश्रीचं सांगायचं राहूनच गेलं.