मास्तरांच्या मोकळ्या चौकटी

जगात सगळ्यात हळू चालणारी गोष्ट कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी गोगलगाय म्हणणार नाही, आमच्या घरमालकांचा उजवा हात म्हणेन. गोगलगाय निदान निघते आणि कुठंतरी पोचते. घरमालक सकाळी देवाचं नाव घेऊन बोरू शाईत बुडवत, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, जेवायला हाक मारत तेव्हा कागदावर एक काना उभा झालेला असे. "झालं का ओ?" असं मावशींनी जिन्यातून विचारलं की ते म्हणत, "उभा झालाय. आता वाळू दे." मग कान्याशेजारी बसून तो वाळेपर्यंत ते त्याच्याकडे बघत, जसं काही तो पळून जाणार होता.

छावणीच्या बाजूला आमच्या गल्लीत त्यांचं दोन मजली घर आहे. वर ते आणि मावशी, खाली आम्ही भाडेकरू. शाळेत ते चित्रकला शिकवत, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. मूळचे ते लासूर स्टेशनच्या पुढच्या एका खेड्यातले, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. तरुणपणी ते एकदा गोव्याला गेले होते. गोव्याला जाऊन लोक समुद्र बघतात. मास्तरांनी एका चर्चमधलं कपाट बघितलं. तिथल्या म्हाताऱ्या फादरांनी त्यांना उपासनेचं एक जुनं, हातानं लिहिलेलं पुस्तक काढून दाखवलं. पुस्तक कसलं, दरवाजाच तो. लाकडी फळ्यांवर कातडं ताणलेलं, कोपऱ्यांना पितळ, मिटायला कडी. आतली पानंही कातड्याची, लॅटिन अक्षरं कुंपणाच्या खुंटांसारखी काळी आणि सरळ, आणि प्रत्येक स्तोत्राचं पहिलं अक्षर एवढं मोठं की त्यात वेली, पाखरं, देवदूत असं अख्खं बिऱ्हाड राहावं. वर खऱ्या सोन्याचा मुलामा. मास्तरांना लॅटिन येत नव्हतं, आजही येत नाही. ते पुस्तक त्यांनी एक दुपार पाहिलं आणि जन्मभर सांगितलं. ऐकणाऱ्याची सोय बघायची त्यांना सवय नाही. गॅसवाला भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन पितळी कोपऱ्यांची हकीकत संपायची वाट बघत जिन्यात उभा राहिलेला मी पाहिला आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की गावच्या चर्चसाठी तसंच पुस्तक मराठीत करायचं. चर्चच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी गावात सगळे मिळून स्तोत्रं म्हणतात, ती त्यात लिहायची, आणि ते एकदा तरी वेदीजवळच्या, पुस्तक ठेवायच्या तिकटीवर उघडून ठेवलेलं बघायचं. बाकी आयुष्यात काही नको. मावशी म्हणाल्या, "गावात छापील पुस्तकं हायेत की."

"छापील पुस्तक वाचायला असतं. हे बघायला असतं."

"मग वाचायचं कशातून?"

"ह्यातूनच."

मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांच्यासंगं संसार केलाय मी. स्वर्गात मला कुणी रांगेत थांबवणार नाय, बघ."

पहिली गोष्ट, पानं कातड्याची हवीत. मास्तर कातडी विकणाऱ्याकडे गेले. त्यानं विचारलं, "मास्टर, ढोलक मंढवाना है क्या?" मास्तर म्हणाले, "नाही, प्रार्थना लिहायचीय." तो बिचारा कातडं गुंडाळायचं विसरला. ते शेळीचं कातडं चुन्यात भिजवून मास्तरांनी गच्चीवर, रिकाम्या बाजेच्या चौकटीला दोऱ्यांनी ताणून बांधलं आणि मावशींच्या विळीनं खरवडायला बसले. चार गल्ल्यांतली कुत्री आमच्या दारात मुक्कामाला आली. वास असा सुटला की शेजारणीनं महापालिकेला फोन केला आणि माणसं मेलेलं जनावर शोधायला आली. मास्तरांनी त्यांना वर नेऊन तासभर माहिती दिली. ती पुन्हा आली नाहीत. कातडं शेवटी वाळून कौलासारखं वाकडं झालं. मग ते फक्त बांधणीसाठी बाजूला ठेवलं आणि पानांसाठी कागजीपुऱ्याहून हातकागद आणला.

दुसरी गोष्ट, लाल शाई. जुन्या पुस्तकांत जे म्हणायचं ते काळ्या शाईत आणि जे करायचं ते लाल शाईत लिहीत: इथं उभं राहा, इथं गुडघे टेका. ही पद्धत मास्तरांना इतकी पटली की ती पुस्तकात मावेना. नळावर लाल शाईत लागलं, 'फिरवून बंद करा.' जिन्यात लागलं, 'इथं चपला काढा.' मावशींच्या डोक्यावरच्या फळीवर लागलं, 'मीठ चाखून घाला.' ते लाल अक्षर मावशींनी त्याच दिवशी काळ्या तव्याखाली घातलं. किराणा मालाची यादीसुद्धा मास्तर साधी लिहीत नसत. 'गहू'च्या ग भोवती ओंब्यांची वेल काढता काढता दुपार होई. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं एकदा यादी काचेखाली ठेवून घेतली आणि म्हणाला, "मास्तर, लई सुंदर. फक्त तेल किती किलो ते दिसंना, त्याच्यावर पोपट बसलाय."

मराठीवर त्यांचा एक मोठा राग होता. इंग्रजी-लॅटिनला मोठं अक्षर असतं, मराठीत सगळी अक्षरं एका उंचीची, एका दोरीवर वाळत घातल्यासारखी. "कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही," ते कळवळून म्हणत, "असं कुठं राज्य असतं का?" मी मनात म्हणत असे की आम्हा लोकांना असंच राज्य पाहिजे होतं, आणि ते घटनेत लिहून देणारा आमचाच माणूस होता. पण त्यांच्यापुढं बोलायची माझी हिंमत नव्हती. मी कुणापुढंच फार बोलत नाही.

यामुळंच मी त्यांच्या पुस्तकात गेले. जुने लिहिणारे समासात माकडं, ससे, कोंबडे असलं काहीबाही काढून ठेवत, अगदी प्रार्थनेच्या शेजारी. मास्तरांनी तिथं गल्ली काढली. नळ दुरुस्त करणारा पाना घेतलेलं माकड झाला, शेजारीण फोन कानाला लावलेली टिटवी, आणि मावशी लाटणं घेतलेली हंसीण. मावशी म्हणाल्या, "हंसीण काढली म्हणून वाचलात." खाली एका कोपऱ्यात गोगलगाय होती. "ही तू," मास्तर मला म्हणाले. "बोलत नाहीस, पण शिंगं बाहेर असतात."

पानं तपासायलाही त्यांनी मलाच बसवलं. एवढी शिकलेली माणसं ओळखीची असताना मलाच का, तर म्हणे, "शिकलेली माणसं अर्धं वाचतात अन् अर्धं ओळखतात. तू चौथी शिकलीस. एकेक अक्षर धरून वाचतेस. चूक तुझ्या हातून सुटायची नाही." एवढं तोंडभर कौतुक माझ्या शिक्षणाचं शाळेतल्या बाईंनीही केलं नव्हतं. तेव्हापासून भाकरी झाल्या की मी वर जाऊन बसू लागले.

आणि तिसरी गोष्ट, सोनं. मिठाईवर लावतात तसा, पण सोन्याचा वर्ख त्यांनी खास सांगून मागवला. तो कागदाला चिकटायला लसणाचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक. पांढरं सोन्याला गेलं की पिवळं मावशींच्या कढईत जाई, आणि आमच्या दोन्ही मजल्यांनी त्या काळात भुर्जी सोडून काही खाल्लं नाही. सोनं घोटून चकाकी आणायला जुने लोक कुत्र्याचा दात वापरत, असं मास्तरांनी कुठंतरी वाचलं. दोन दिवस ते गल्लीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे फार प्रेमानं बघत होते. कुत्रं शहाणं, त्यानं गल्ली बदलली. शेवटी अकीकाचा खडा आणून भागवलं. वर्ख श्वासानंही उडतो, म्हणून ते काम चालू असताना घरातला फॅन बंद. ऐन मे महिना, खिडक्या लावलेल्या, आम्ही दोघी तोंडाला पदर लावून बसलेल्या, आणि मास्तर चिमट्यात सोनं धरून पुढं सरकतायत. नेमकी मावशींना शिंक आली. सोनं उठलं आणि मावशींच्या कपाळावर, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. मावशी आरशात बघून म्हणाल्या, "लग्नात एवढं घातलं असतं तर माहेरी तोंड दाखवायला जागा राहिली असती."

तो फक्त सराव होता. खऱ्या पुस्तकात सोनं लावायला मास्तर तयारच नव्हते. कारण जुन्या कामाचा क्रम ठरलेला: आधी सगळं लेखन, मग सगळी सजावट, मग बांधणी. म्हणून प्रत्येक स्तोत्राच्या पहिल्या अक्षराच्या जागी ते चौकोनी मोकळी चौकट सोडत आणि पुढं जात. मावशी म्हणत, "एकेक पान पुरतं करा की. वय झालंय."

"भिंत उभी राहायच्या आधी कुणी रंग देतं का?"

"पण भिंती लई झाल्या ना."

भिंती बांधण्यात वर्षं गेली. शेवटचं 'आमेन' लिहून झालं त्या दिवशी मास्तर खुर्चीतून उठले आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटून बसले. दार जिथं होतं तिथंच होतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची गेलेली नजर परत येत नाही, मधली उरलेली थेंब घालून सांभाळायची. मास्तर घरी येऊन म्हणाले, "माझ्या नजरेनं चारी बाजूंनी समास सोडलाय. चांगला रुंद सोडलाय." आणि स्वतःच हसले. मावशी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ तिथं भांडी वाजली.

पहिल्या पानावरचं अक्षर त्यांनी केलं, भोवती सीताफळाची वेल काढून. सीताफळाची वेल नसते, झाड असतं, हे मी सांगणार होते, पण सांगितलं नाही. त्या वेलीत दोन कबुतरं, मागं सोनं. त्याला सगळा पावसाळा लागला, आणि तेवढ्यात समास आत सरकत सरकत अक्षरापर्यंत आला. बाकीच्या चौकटी मोकळ्या राहिल्या. मावशींचा भाचा म्हणाला, कॉम्प्युटरवर अक्षरं काढून चिकटवू. मास्तर म्हणाले, "तुझ्या लग्नात नवरीच्या जागी फोटो ठेवू." मी भीत भीत म्हटलं, मी पेन्सिलनं नुसतं अक्षर तरी लिहिते. तर म्हणाले, "गोगलगाईनं समासातच राहावं."

मात्र बांधणी हातानं करता येते, तिला डोळे लागत नाहीत. त्यांनी चाचपून चाचपून पानांच्या घड्या दोऱ्यावर शिवल्या, फळ्या लावल्या, खळ लावून ते कौलासारखं कातडं वर बसवलं, पितळी कोपरे ठोकले. अंगठाही दोनदा ठोकला. पुस्तक दरवाजासारखं झालं. मास्तर त्यावर हात फिरवून म्हणाले, "बाहेरून पुरं आहे." आणि फडक्यात गुंडाळून ठेवून दिलं. न्यायचं नाही, म्हणाले. नाक कापलेलं पुस्तक वेदीजवळ ठेवत नसतात.

गावचे फादर तरुण आहेत. मावशींनी त्यांना गुपचूप फोन केला. ते स्वतः आले आणि म्हणाले, "मास्तर, मिस्सेच्या उपासनेला मंजूर छापील पुस्तकच लागतं. पण आदल्या संध्याकाळच्या स्तोत्रांना तुमचंच ठेवायचं. तिकटी मोठी करून घेतलीय." आता सुताराला काम दिल्यावर मास्तर काय करणार? पण सणाच्या आधी उघडायचं नाही, असं त्यांनी फादरांकडून कबूल करून घेतलं. माणूस हट्टी असला की पूर्ण हट्टी असावा.

त्या संध्याकाळी मावशींनी मलाही नेलं. मी मागं, भिंतीजवळ बसले. फादरांनी कडी काढली. पहिलं पान वाचलं, छान झालं. पान उलटलं आणि ते थांबले. समोर रिकामी चौकट. मास्तरांची मान खाली गेली. मावशींनी त्यांचा दंड धरला होता. तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीनं, फादर विसरले असं समजून, मोठ्यानं पहिला शब्द सांगितला. गावातल्या लोकांना ती स्तोत्रं बाळपणापासून पाठ. फादर चटकन पुढं वाचू लागले. पुढच्या पानावर ते नुसते थांबले आणि मान वर करून लोकांकडे बघितलं. सगळ्या चर्चनं पहिला शब्द एकदम म्हटला. मग प्रत्येक पानाला तसंच. मास्तरांची मान हळूहळू वर आली आणि एका बाजूला कलली, चित्र जरा लांबून बघावं तशी.

परतताना जीपमध्ये मावशींनी विचारलं, "आता तरी समाधान झालं का?"

"ठीक," मास्तर म्हणाले. "तिसरं अक्षर उजवीकडं कललं. बायकांच्या बाजूनं घाई केली. ओल्या रंगाला हात लावला."

"सगळ्या गावानं लाज राखली, तरी ह्यांची खोड जाईना," मावशी म्हणाल्या.

पुस्तक फादरांनी पुढच्या सणापर्यंत मास्तरांकडेच ठेवायला दिलंय. मी अजून भाकरी झाल्या की वर जाते आणि मास्तरांना वाचून दाखवते. पहिल्या दिवशी चौकट आली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "मोकळं आहे." त्या दिवशी त्यांनी पुढं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मी जराशानं म्हटलं, "मोर आहे."

"कसला?"

"निळा. मान मागं वळवलीय."

"शेपूट?"

"खाली समासात आलंय. गोगलगाईपर्यंत."

"लांब झालं. मला वाटलंच होतं." ते खुर्चीत सावरून बसले. "मागं सोनं आहे का?"

"आहे."

"चिकटलंय नीट?"

"अजून ओलं आहे, मास्तर."

"मग तो फॅन कशाला चालू ठेवलाय?"

बाहेर मे महिना होता. मी उठायच्या आत मावशींनी उठून फॅन बंद केला, आणि तोंडाला पदर लावून शेजारी येऊन बसल्या.