सातव्या पलटणीची पांढरी बटणं

शिशाचे शिपाई ओतून रंगवायचं वेड माझ्या नवऱ्याला निवृत्तीनंतर लागलं. हे आयुष्यभर कारखान्यात फिटर. केसभर फरक पडला तरी यांना जेवण जात नसे. घरी बसल्यावर यांनी गॅलरीत लाकडी बाक टाकला, साचे स्वतःच केले आणि करंगळीएवढे शिपाई ओतायला घेतले. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीतली निवृत्त माणसं सकाळी भाजी आणायला जातात, नाहीतर हास्यक्लबात जाऊन खोटं खोटं हसतात. आमच्या गॅलरीत मात्र फ्रेंच सैन्य जमायला लागलं.

फ्रेंचच का, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवला. तरुणपणी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं आणि विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच पायदळाची पुनर्रचना. त्यासाठी पुण्याला जाऊन फ्रेंच शिकले. मग धाकटा झाला, आणि एकदा जेवताना हे म्हणाले, "मेलेल्या परक्या शिपायांची चौकशी करून आपल्याला काय मिळणार हाय?" सासूबाई हसल्या. पुढच्या महिन्यात मी नाव काढून घेतलं आणि वह्या पेटीत टाकल्या. तीस वर्षांनी यांनी ती पेटी खाली काढली, वह्यांत मी काढलेली गणवेशांची चित्रं पाहिली आणि त्यातली सातवी हलकी पलटण निवडली. मला खूश करायचं होतं त्यांना. ते दिसत होतं, म्हणून तर मला जास्तच राग आला.

हलकी पलटण म्हणजे मुख्य फौजेच्या पुढे धावणारे, विखरून लढणारे शिपाई. निदान सुरुवातीला तसे होते. पुढे त्यांच्या आणि साध्या पायदळाच्या बंदुका सारख्या झाल्या, कवायतही सारखी झाली. हलक्यांकडे उरलं काय, तर पिवळा रंग, पांढरी बटणं, शिकारी शिंगाचं चिन्ह आणि ताठा. १८५४च्या अखेरीस पॅरिसहून हुकूम निघाला की हा भेद आता पुरे. सगळ्या हलक्या पलटणी साध्या पायदळात घातल्या आणि पुढचे नंबर देऊन टाकले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सातवी हलकी पलटण ब्याऐंशीवी साधी झाली. त्या वेळी ती क्रिमियात, सेवास्तोपोलच्या वेढ्यात थंडीने मरत होती.

वह्यांत हे सगळं होतं, पण ती पानं फ्रेंचमध्ये होती. यांनी फक्त चित्रं पाहिली आणि उरलेलं इंटरनेटवरून गोळा केलं. दोन वर्षं खपून चौसष्ट शिपाई, खंदक आणि बर्फ उभं केलं. एकेका बटणाला पांढऱ्या रंगाचा ठिपका भिंगाखाली दिला. सगळ्यात आधी, कामाला हात घालण्यापूर्वीच, सुबक अक्षरांत एक पाटी लिहून भिंतीला लावली होती: "फ्रेंच पायदळ, सेवास्तोपोलसमोरचा खंदक, जानेवारी १८५५." मला बोलावून विचारलं, "बरोबर हाय ना?"

मी पाटी वाचली. म्हटलं, "अक्षर छान आलंय."

जानेवारीत सातवी हलकी पलटण नव्हतीच. जानेवारीचा डिसेंबर केला असता तर काम झालं असतं. तेवढी एक ओळ मी दोन वर्षं सांगितली नाही. हे रोज चहा घेताना कुणाच्या टोपीवरचं शिंग जमलं, कुणाचं फसलं ते सांगायचे आणि मी मूग गिळून ऐकायची. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. आपल्या हातात एखाद्या माणसाची दोरी आहे आणि त्याला ठाऊक नाही, हे सुख मला लग्नात कधी मिळालं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींनी छंदांचं प्रदर्शन भरवलं. भरतकाम, बोन्साय, जुनी नाणी आणि मधोमध यांचा खंदक. यांनी नवा शर्ट घातला होता. सायखेड्याहून यांचे दोघे भाऊ मुद्दाम आले होते. प्रमुख पाहुणे देवळालीचे, लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी. ते वाकून वाकून पाहत होते. शेवटी म्हणाले की असं काम त्यांनी परदेशातल्या संग्रहालयातच पाहिलंय. यांचे कान लाल झाले. यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "हे सगळं हिच्या वह्यांतलं."

तेव्हा मी तोंड उघडलं. वर्गात बोलायचे त्या आवाजात. म्हटलं, माझ्या वह्यांत असं काही नाही. ही पलटण जानेवारीत बरखास्त झाली होती, हे शिपाई इथे असूच शकत नाहीत, आणि कुणी जाणकार आला तर हसेल. पाहुणे सभ्य होते, ते बोन्सायकडे वळले. धाकटे दीर उगाच खिशात मोबाइल शोधत राहिले. यांनी पाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. मशीनवर चूक दाखवल्यावर फिटर हलवतो तशीच.

दुसऱ्या दिवशी हे सगळं खरवडायला बसले. ब्लेडने चौसष्ट टोप्यांवरची शिंगं काढली. कॉलरच्या पिवळ्यावर साध्या पायदळाचा लाल चढवला. पांढऱ्या बटणांवर पितळी. मी विचारलं, पाटी का नाही बदलत? म्हणाले, "ड्रॉइंग बदलायचं नसतं. जॉब बदलायचा." पाटी म्हणजे यांचं ड्रॉइंग आणि घडवलेले शिपाई म्हणजे जॉब. हे असं म्हणणार हे मला ठाऊक होतं, तरी फक्त डिसेंबर लिहा, एवढं सांगितलं नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू, हात थरथरायचा. लाल रंग गळ्याखाली ओघळायचा. चाळिसाव्यापुढचे शिपाई तर गळा चिरल्यासारखे दिसायला लागले. यांना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

अडीच महिन्यांनी, एका दुपारी, यांनी मला गॅलरीत बोलावलं. शिपाई पुन्हा रांगेत उभे होते. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता बघ. आता बरोबर हाय ना?"

हो म्हणता आलं असतं. एका अक्षराचं काम होतं.

मी म्हटलं, "आधीचंच बरोबर होतं. पॅरिसला कागदावर नंबर बदलला. बर्फात बसलेल्यांना नवी बटणं लगेच कोण नेऊन देणार होतं? जानेवारीत ते जुन्याच कपड्यांत असणार. आणि तरी शंका असती, तर पाटीवर डिसेंबर लिहायचं."

त्यांनी रांगेतला एक शिपाई उचलला, परत जागेवर ठेवला. मग विचारलं, "तुला कवापासून माहीत होतं?"

"पाटी लावलीत त्या दिवसापासून."

त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतलं, फडक्याने पुसलं आणि डबीत ठेवलं. ब्रशही धुतले, एकेक करून, नीट. मी तिथेच उभी होते. ते ओरडतील म्हणून मी तयार होते, नव्हे, त्याचीच वाट पाहत होते. तीस वर्षांचं सगळं बोलायचं मी पाठ करून ठेवलं होतं.

त्यांनी वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"फिटलं का गं आता?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार करून उत्तर दिलं.

"नाही."