विहिरीच्या पाण्यातलं मीठ

संकेश्वरजवळच्या आमच्या रानात ऊस धड उगवेनासा झाला. मातीवर पांढरं फुटायचं. मी निपाणीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, मलाच विचारलं, "मीठ पाण्यात विरघळतंय न्हवं गं? मग लई पाणी सोडलं तर धुऊन जाईल की."

"जाईल कुठं? खाली चिकणमाती आहे, पाणी झिरपत नाही," मी म्हणाले. तरी त्यानं उन्हाळाभर विहिरीचं पाणी सोडलं. पांढरा थर वाढतच गेला.

शेवटी मी त्याच विहिरीचं पातेलंभर पाणी चुलीवर ठेवलं. दिसायला ते स्वच्छ होतं. आटत गेलं तसं उरलेलं जास्तच खारट लागू लागलं, आणि पार आटल्यावर तळाशी पांढरी पापडी राहिली.

"उन्हानं पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. पाण्याच्या दर पाळीला त्यात भर पडते," मी सांगितलं.

अण्णानं पापडी खरवडून जिभेला लावली. "म्हंजे मीच घालत होतो व्हय," एवढंच म्हणाला.

चर खणून खारं पाणी बाहेर काढावं, असं पुस्तकात असतं. पण आमचं रान सगळ्यात खोलगट. शेजारच्या रानांचं पाणीही आमच्यातच उतरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आला. मी बांधावर धावले. "बंद कर की अण्णा."

"गप बसून हे रान बघवत न्हाय गं," तो म्हणाला.

मोटार तशीच चालू राहिली.