गुटगुटीत नातीची तीन घरं

सरजाबाईंची नात विशाखा गुटगुटीत होती आणि उदगीरच्या आमच्या गल्लीत त्याचं श्रेय घ्यायला तीन म्हाताऱ्या टपलेल्या. सून शिल्पा दवाखान्यात नर्स, म्हणून शाळा सुटली की पोर आजीच्या ताब्यात. आजीकडं जेवायची, मग कानडी सिद्धम्माकडं तूप-पोळी, मग तेलुगू नागम्माकडं भात. लेकराला कोरड्या तोंडानं परत पाठवायचं नाही ही आमची रीत. आधी कुठं जेवलीस हे विचारायची मात्र रीत नाही.

नागम्माची नातवंडं काटकुळी. त्यांच्याकडं बघून सरजाबाई सुखावायच्या. त्यांच्या घराण्यात असं अंगानं भरलेलं लेकरू पहिलंच.

मग खो-खोत विशाखाला धाप लागली. शाळेतल्या बाईंनी बाहेर बसवलं. घरी येऊन ती इतकी रडली, की शिल्पानं तिला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "आपल्याकडच्या पोरांच्या पोटावर चरबी लवकर चढते. उपाशी ठेवू नका. एका घरी जेवू द्या, खेळू द्या. वजन रोखलं की उंची त्याला गाठेल."

सरजाबाईंपुढं पेच पडला. सिद्धम्माला "नको" म्हणायचं कसं? लहानपणी बिलोलीकडच्या गावात अशाच वरच्या जातीच्या घरांपुढं त्यांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलेलं. आज नात तशाच घरात चुलीजवळ मांडी घालून बसते, हे सुख नातीच्या गालांहून मोठं होतं. दार पुन्हा लागलं तर? सिद्धम्मा स्वतः तर इतक्या वर्षांत त्यांच्याकडं कधी जेवली नव्हती. दर वेळी तिचा उपास निघायचा.

पण विशाखा "आता खेळतच न्हाई" म्हणाली, तेव्हा सरजाबाई उठल्याच.

"राग धरू नको, सिद्धम्मा. पोरीला खाऊ घालू नको. डॉक्टर म्हनून राहिलेत."

"आगं, ती तर भुकी हाय म्हनायची!"

"माझ्याकडं पोटभर जेवून येते ती."

सिद्धम्मानं तुपाचं भांडं झाकून ठेवलं. सरजाबाईंना वाटलं, संपलं.

"म्हंजे माझं बंद, तुझं चालू?" सिद्धम्मा म्हणाली. "उद्या येते तुझ्याकडं. काय वाढतीस बघते. मलाबी वाढ."

पोरीला वाढू नको म्हणून नागम्माला तिनंच दटावलं. दुसऱ्या दिवशी सिद्धम्मा खरंच आली. विशाखा एक भाकरी खाऊन खो-खोला पळाली. सिद्धम्मा ताटावर जेवत राहिली.

"आज उपास न्हाई का?" सरजाबाईंनी भीतभीत विचारलं.

"न्हाई. आनखी अर्धी दे."

सरजाबाईंनी तवा पुन्हा चुलीवर ठेवला.