बाबांचा स्वच्छ आवाज

रविवारी सकाळी कॉम्प्युटरवरून बाबांना कॉल लावला, तर कानातल्या वायरलेस इअरबड्समधून त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला. सत्तरी उलटलेले बाबा साताऱ्यात एकटे राहतात.

“बाबा, बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय? तुझंच यंत्र बघ.”

मी घाईघाईने सेटिंग उघडलं. इअरबड्सचा माइक चालू असला की ऐकू येणारा आवाज खालावतो, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. मी माइक कॉम्प्युटरचा निवडला आणि आवाज एकदम स्वच्छ झाला. दोष यंत्रात सापडला की माणसाला किती बरं वाटतं! यंत्र दुरुस्त करता येतं.

बाबा परसातल्या पेरूबद्दल सांगू लागले. आता मला सगळंच ऐकू येत होतं. दर चार शब्दांनंतर ते थांबत होते, आणि त्या थांबण्यात छातीतली बारीक घरघर होती.

“हे कधीपासून, बाबा?”

“यंदा पेरू गोड आहेत,” ते म्हणाले.

“मी दुपारच्या गाडीने येते.”

एरवी “कशाला उगाच” म्हणणारे बाबा या वेळी फक्त “ये” म्हणाले.