पेंढ्यात पिकवलेली केळी

मंडळी, आज सकाळी जिममध्ये सांडोर गावच्या नितीनने पिशवीतून केळ्यांची फणी काढून दिली. "आमच्या वाडीतली. पावडर टाकून नाय, पेंढ्यात पिकवलीत. घाई केली की चव जाते."

फणीसोबत स्टिरॉइडचं इंजेक्शनही बाहेर पडलं.

मी विचारलं, "स्पर्धेत उतरतोयस का?"

"छे रे, बँकेत नोकरी करतो मी. पण आता थांबलो तर पुन्हा पहिल्यासारखा दिसेन. तेव्हा कोण विचारत होतं मला?"

रोज त्याचे दंड दाबून "काय खातोस रे?" विचारणारा मीच.

बारीक होता तेव्हाही तो याच जिममध्ये यायचा. तेव्हा मी त्याला साधं नावही विचारलं नव्हतं.

तुमच्या जिममध्ये आहे का असा कोणी, ज्याचं नाव तुम्ही अजून विचारलेलं नाही?